बरकत, दोन, तीन

फोन आला तेव्हा मी यूसुफभाऊंच्या दुकानात पुदिन्याच्या जुड्या चिवडत उभी होते. बर्लिनमध्ये आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून हे दुकान आहे. यूसुफभाऊ मूळचे तुर्कस्तानातले, सत्तरीला टेकलेले. आणि त्यांना 'भाऊ' म्हणणारी त्या अख्ख्या शहरात मी एकटीच, कारण ते नातं माझ्या सासूबाईंनी लावून दिलं होतं. अमोल, माझा नवरा, कामाच्या वेळेत कधी फोन करत नाही. त्या दिवशी केला. म्हणाला, "स्मिता... आई गेली." मी विचारलं, "कुठे?" खरंच असं विचारलं मी! माणूस किती खुळा होतो अशा वेळी. तो म्हणाला, "धानोऱ्याला जेवणं आटोपली, ती तांदूळ निवडायला बसली, बाबांना म्हणाली जरा पाणी द्या, आणि बाबा पाणी घेऊन येईपर्यंत..." यूसुफभाऊंनी समोरचं गिऱ्हाईक तसंच सोडलं, संत्र्यांचं रिकामं खोकं उलटं करून मला त्यावर बसवलं आणि विचारलं, "आबला?" त्यांच्या भाषेत आबला म्हणजे थोरली बहीण. मी मान हलवली. ते माझ्या शेजारी जमिनीवरच बसले, भाजीच्या पाल्यात. आपल्याकडे अबला कोणाला म्हणतात ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं... आणि आमच्या आईंना तो शब्द लावायची छाती गडचिरोली जिल्ह्यात तरी कोणाची झाली नसती.

त्याला आज पाच आठवडे झाले. धानोऱ्याच्या घरी बसून हे लिहिते आहे. लिहायचं एवढ्यासाठीच, की माझ्या सासूनं माझ्यासाठी काय करून ठेवलं होतं हे मला पाच वर्षं ठाऊक नव्हतं. त्या गेल्या त्याच दिवशी कळलं, तेही त्या खोक्यावर बसून. अजून आठवलं की हातातलं काम थांबतं आणि तोंडातून फक्त 'अवं माय!' एवढंच निघतं.

शेवंताबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आईच म्हणायची. धानोरा तालुक्यातल्या गावागावांत त्यांनी तीस वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून काढली. सावळा रंग, ठेंगणा बांधा, बौद्ध घरातली म्हणून कपाळ मोकळं, आवाज असा की नदीपलीकडच्या माणसानं वळून पाहावं. मी चांद्याची, म्हणजे चंद्रपूरची. तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, धानोऱ्याची सासू, जंगलातली बाई, सांभाळून घेशील बाई तिला! मीही तोऱ्यातच होते. सांभाळून घेऊ म्हटलं.

लग्नानंतर अमोलच्या नोकरीपायी बर्लिनला गेलो आणि दुसऱ्या वर्षी आमची मुलगी, मैत्री, झाली. आता मी जे सांगते ते तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं. मैत्री सहा आठवड्यांची असताना मी तिला घेऊन मोठ्या दुकानात सामान आणायला गेले. पैसे द्यायच्या जागी ती जी रडायला लागली ती थांबेना. पर्समध्ये कार्ड सापडेना. मागच्या रांगेतून कोणीतरी च्च् च्च् केलं, गल्ल्यावरची बाई काहीतरी भरभर बोलली आणि मला त्यातला एक शब्द कळेना. दिवसभर फळ्यासमोर उभी राहून पोरांना शिकवणारी बाई मी, माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही. सामान तिथंच टाकून पोरीला छातीशी धरून पळत घरी आले. त्या दिवसापासून दाराबाहेर पाऊल नाही. मग जेवण सुटलं. मग आंघोळ दिवसाआड, नंतर तीही नाही. पोर रडली की पाजायचं, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या, आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि म्हणाल्या, हिनं बाहेर पडलं पाहिजे, चार घास खाल्ले पाहिजेत, नाहीतर बाळाचंही अवघड आहे. अमोल रडकुंडीला आला. त्यानं धानोऱ्याला फोन केला. मला न विचारता. मी त्याच्यावर चिडलेसुद्धा नाही. चिडायलाही अंगात काहीतरी लागतं.

आई आल्या. नागपूरच्या पुढे कधी न गेलेली बाई, दोन विमानं बदलून, गळ्यात पासपोर्टची पिशवी अडकवून, एकटी. सुती पातळावर अमोलचं जुनं जाकीट, पायात पांढरे बूट, डोक्याला लोकरीची टोपी कानापर्यंत ओढलेली. मला वाटलं आता उपदेश सुरू होईल. आमच्या वेळी आम्ही बाळंत झालो अन् तिसऱ्या दिवशी धानाच्या रोवणीले गेलो, वगैरे. एक शब्द नाही. मैत्रीला मांडीवर घेतलं, तेल लावलं, शेकलं, आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "झोप तू." बस. दोन आठवडे मी झोपले. त्या स्वयंपाक करायच्या, ताट आणून ठेवायच्या, मी दोन घास चिवडायची, त्या ताट उचलून न्यायच्या. मनात म्हटलं, बरं झालं, म्हातारी आपल्या वाटेला जात नाही.

आणि मग एक दिवस त्यांनी सुरू केलं. "स्मिता, मले सांभार पाह्यजे." सांभार म्हणजे कोथिंबीर, आमच्या भागाबाहेरच्या वाचकांना हे सांगावं लागतं, नाहीतर ते इडली घेऊन बसतात. मी म्हटलं, अमोल आणेल शनिवारी. "अमोलले काय समजते? तो गवत आणन. तू चाल माह्यासंगं." मी म्हटलं, आई, मला नाही जमत. "मले भाषा येत नाई पोरी, नाईतं मी एकटीच गेली असती. रस्ता वलांडाचं भेव वाटते मले, कोणत्या बाजूनं गाडी येईन काई समजत नाई." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर ताट आणून ठेवलं, स्वतःचंही ठेवलं, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. "जेवा ना," मी म्हणाले. "वरणात सांभार नाई तं माह्या घशाखाली उतरत नाई. आठ दिवसांपासून नुसती ढकलून राह्यली मी. आता नाई होत." आणि ताट सारलं बाजूला. म्हातारी रुसली होती, चक्क! वरणात कोथिंबीर नाही म्हणून! मला इतका संताप आला... कितीतरी दिवसांनी काहीतरी आलं. उठले, केस बांधले, मैत्रीला बाबागाडीत घातलं आणि म्हटलं, "चला. चला एकदाच्या."

रस्त्यावर उन्हानं माझे डोळे दिपले. आई माझ्या दंडाला धरून चालत होत्या, अशा की जणू मी सोडलं तर हरवतील. पहिल्या कोपऱ्यावर त्या सरळ उलट्या दिशेला वळल्या. मी ओरडले, "आई, तिकडे नाही हो! इकडे!" माझाच आवाज ऐकून मी दचकले. दोन गल्ल्या सोडून एक तुर्की दुकान आहे एवढं मला बसमधून पाहून ठाऊक होतं. आत कधी गेले नव्हते. फुटपाथवरच माल मांडलेला. कलिंगडांची रास, लांबडी वांगी, पुदिना, शेपू, हिरव्या मिरच्या, आत मिठाच्या पाण्यातल्या ऑलिव्हच्या बादल्या, ताज्या पावांचा वास. आई दारात उभ्या राहिल्या, दोन्ही हात गालाला लावले आणि म्हणाल्या, "अवं माय! हा तं बाजारच हाये वं!" आतला म्हातारा दुकानदार आमच्याकडे पाहताच झटकन वळला आणि फळीवरच्या डब्यांकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. हसत होता तो! माझ्या सासूच्या टोपीला, पातळावरच्या जाकिटाला हसत होता. माझी कानशिलं तापली. दीड महिन्यात घराबाहेर मी एकही जर्मन शब्द उच्चारला नव्हता, त्या दुकानात उभी राहून मी खणखणीत विचारलं, "यात हसण्यासारखं काय आहे?" आणखी चार वाक्यं सुनावली, व्याकरणासकट. तो वळला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. छातीवर हात ठेवून म्हणाला, काही नाही मुली, काही नाही, चूक झाली, या.

आई तोवर लिंबांपाशी पोचल्या होत्या. एकेक लिंबू दाबून पाहत पिशवीत टाकत होत्या आणि मोठ्यानं मोजत होत्या, "बरकत... दोन... तीन..." आमच्या बाजारात ही रीत आहे. मोहफुलं असोत, धान असो, पायलीनं मोजणारा पहिल्या मापाला 'एक' कधी म्हणत नाही. 'बरकत' म्हणतो, मग दोन, तीन. खरं तर हे विकणाऱ्यानं म्हणायचं. घेणाऱ्यानं गुपचूप उभं राहायचं. पण आईंचं म्हणणं, या देशात सगळे मुके होऊन माल तोलतात, कोणीतरी म्हणलं पाहिजे नं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गल्ल्यामागून तो म्हातारा लगेच म्हणाला, "बेरेकेत!" आणि मान लववली. दोघं एकमेकांकडे पाहून असे हसले की मी आपली मधल्यामध्ये बावळटासारखी. मग आईंनी कोथिंबिरीची भली मोठी जुडी उचलली. घरी येऊन नाकाला लावली तर वासच नाही. पार्स्ली निघाली ती, दिसायला कोथिंबिरीसारखी अन् चवीला नुसता पाला. आई हातात धरून बसल्या, "काय बाप्पा, सांभाराचा वासही काढून घेतात का हे लोक?" मला हसू आलं. हसताना बरगड्या दुखल्या, इतकी सवय मोडली होती. त्याआधी दुकानात त्या म्हाताऱ्यानं आम्हाला कंबर बारीक असलेल्या इवल्या पेल्यांत चहा दिला होता आणि तीळ लावलेलं पावाचं कडक कडं. ते कडं मी अख्खं खाल्लं होतं. हे माझ्या लक्षात रात्री आलं. आईंच्या लक्षात तेव्हाच आलं असणार.

मग रोजचं झालं. त्यांना रोज काहीतरी हवं असायचं आणि रोज 'मले भाषा येत नाई'. मी बोलायची, विचारायची, भांडायची. त्या पिशवी धरून मागे. शेपू आणून मुगाच्या डाळीत घातला, मसुराचं वरण केलं, गव्हाच्या जाड रव्याची खिचडी केली. माझं दूध वाढलं, पोरगी बाळसं धरायला लागली. आणि यूसुफभाऊंबद्दल आईंचं एक ठाम मत होतं. "हा मानूस बल्लारशाचा हाये." मी म्हणायची, आई, तुर्की आहेत ते. "असन. पण मुळात बल्लारशाचा. आपल्या रज्जाकभाऊच्या घराण्यातला." रज्जाकभाऊ म्हणजे धानोऱ्याच्या बाजारात मसाल्याचं दुकान लावणारे, मूळ चांद्याजवळच्या बल्लारशाचे. "तू ऐक त्याची बोली. दुकानाले दुकान म्हणते, बाजाराले बाजार म्हणते, ताज्याले ताजा म्हणते. साबणाले साबूनच म्हणते. लपवून राह्यला तो. काऊन लपवते, ते त्याचं त्याले मालूम." रसायनशास्त्राच्या बाईनं शब्दांचा प्रवास समजावून सांगितला, फारसीतून कसे इकडेही आले अन् तिकडेही गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हौ. म्हंजे बल्लारशावरूनच गेले असतीन."

एकदा भाजी निवडता निवडता मी विचारलं, आई, तुम्हाला भीती नाही वाटत, कोणाचं काही समजत नाही तरी? तर म्हणाल्या, "माही पह्यली नेमणूक पूर्ण गोंडी गावात. मले एक शब्द येत नव्हता. 'हल्ले' म्हंजे नाई, एवढा तेवढा आला, कारण मी कोणत्याही घरी गेली की बाया मले तेच म्हणत. पोट्टं वजनाले आणत नव्हत्या. मंग मी अंगणवाडी सोडली अन् बाजाराच्या दिवशी त्याईच्या मांगं मांगं फिरली. मले हे काय, ते काय, मले काईच नाई समजत, असं करत. आपल्याले येत नाई म्हटलं, की समोरचा मानूस जवळ येते पोरी. लय येते म्हटलं की दूर जाते." मी मान डोलावली. छान गोष्ट आहे म्हटलं. त्यातली माझ्यापुरती गोष्ट मला कळलीच नाही... एवढं शिकून, तिथंच बसून, हातात शेपूची काडी धरून, कळली नाही.

तीन महिन्यांनी आई परत गेल्या. तोवर मी एकटी हिंडत होते, पुढे तिथल्या शाळेत प्रयोगशाळेचं काम मिळालं, मैत्री बोलायला लागली. आई पुन्हा आल्या नाहीत. गुडघे धरले होते. फोनवर दिसल्या की मैत्रीच्या आधी "युसूबभाऊ कसे हायत?" आम्ही सुटीत धानोऱ्याला आलो की मी ही गोष्ट रंगवून सांगायची, दहा माणसांत, त्यांच्यादेखत. आईंना कसा रस्ता ओलांडता येत नव्हता, कोपऱ्यावर कशा उलट्या वळल्या, मी नसते तर पोलिसात तक्रार द्यायची वेळ आली असती. सगळे हसायचे. आई पदर तोंडाला लावून सगळ्यांत जास्त हसायच्या. "खरंच बाप्पा! ही होती म्हून. नाईतं मी हारपलीच असती तिकडं."

फोन आला त्या दिवशी, खोक्यावर बसून मी हेच यूसुफभाऊंना सांगत होते. रडत रडत. म्हटलं, पहिल्यांदा तुमच्या दुकानात आल्या तेव्हा कशा घाबरल्या होत्या, आठवतं? यूसुफभाऊ म्हणाले, "पहिल्यांदा? मुली, तू आलीस तो तिचा तेरावा दिवस होता."

मला कळेना. त्यांनी सावकाश सांगितलं. पाच वर्षांपूर्वी ते सकाळी शटर वर करायचे तेव्हा ही टोपीवाली बाई रोज बाहेर उभी असायची. एकटी. आम्ही मायलेकी घरात झोपलेल्या असताना. पहिल्या दिवशी तिनं आत येऊन लिंबं पिशवीत मोजली, बरकत, दोन, तीन, आणि मोजून सगळी परत जागेवर ठेवून दिली. "तीस वर्षं या शहरात दुकान चालवतोय," ते म्हणाले, "सकाळी सकाळी कोणी येऊन माझ्या मालावर बरकतीचा शब्द टाकला, हे पहिल्यांदा झालं. मी तिला चहा दिला." मग रोज. ती एकेका वस्तूला बोट लावायची, ते आपलं नाव सांगायचे, ती आपलं. विकत काही घ्यायची नाही. रस्ता ती अशी ओलांडायची की गाड्या तिच्यासाठी थांबायच्या. माझ्याबद्दलही तिनं सांगितलं होतं, हातवाऱ्यांनी... दोन्ही हातांचा पाळणा, मग गालाखाली हात, मग डोक्यावरून पांघरूण ओढल्यासारखं, मग तोंडाकडे घास नेऊन मानेनं नाही, नाही. यूसुफभाऊंना लगेच समजलं. त्यांची बायको या शहरात नवीन असताना, पहिल्या मुलानंतर, वर्षभर खिडकीशी बसून होती. "मी कामाला जायचो," ते म्हणाले, "परत यायचो. काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. तुझ्या आईला ठाऊक होतं." बाराव्या दिवशी ती आली, स्वतःकडे बोट केलं, त्यांच्याकडे केलं, तळहातानं हवेत पुसून टाकल्यासारखं केलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आपण ओळखत नाही, बरं का. आधी त्यांना काही उमगलं नाही. दुसऱ्या दिवशी दारात उभी राहून तिनं गालाला हात लावले आणि माझ्यासमोर ते 'अवं माय' केलं, तेव्हा सगळं एकदम डोक्यात शिरलं, आणि चेहरा लपवायला त्यांना फळीकडे वळावं लागलं. "लिंबाकडे असं पाहिलं तिनं," ते डोळे पुसत म्हणाले, "जसं जन्मात लिंबू पाहिलं नाही!"

आणि तो साबण! त्या तीन महिन्यांत आम्ही यूसुफभाऊंकडून साबण कधी घेतलाच नव्हता. 'साबणाले साबूनच म्हणते' हे आईंना कुठून कळलं, असा प्रश्न मला पाच वर्षांत एकदाही पडला नव्हता. पासपोर्टची पिशवी गळ्यात घालून आलेल्या बाईनं आधी बारा दिवस त्या परक्या शहरात माझ्यासाठी एक दुकान तयार केलं. रस्ता, माणूस, चहा, सगळं तपासून पाहिलं. मग त्या दुकानात मी तिला घेऊन जाते आहे असं मला वाटू दिलं. स्वतः भित्री झाली, अडाणी झाली, कोथिंबिरीसाठी रुसली. आणि पुढची पाच वर्षं, भर माणसांत, मी तिच्या अडाणीपणाच्या गोष्टी सांगून टाळ्या घेत होते तेव्हा, एकदाही तिनं तोंड उघडलं नाही. हे कसं जमतं माणसाला? मला तर कोणाला पाण्याचा पेला दिला तरी चारचौघांत सांगावंसं वाटतं. त्या खोक्यावर बसून माझं रडणं थांबलं होतं.

आम्ही धानोऱ्याला आलो. जयभीम करून माणसं येत होती, जात होती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. अमोल नोकरीसाठी परतला. मी आणि मैत्री राहिलो, बाबांसाठी. बाबा, म्हणजे माझे सासरे, जंगल खात्यात वनरक्षक होते. आयुष्यभर पायी हिंडलेला माणूस. ते आता ओसरीवरच्या खुर्चीत बसायचे, फाटकाकडे पाहत. बोलणं नाही. दोन घास, ते मैत्रीनं हट्ट केला तर. फाटकाबाहेर पाय टाकला नव्हता. पाणी आणायला आपण उठलो नसतो तर, हे एकच वाक्य त्यांनी पहिल्या दिवशी म्हटलं होतं आणि त्यातच ते अडकून बसले होते. नातेवाईक समजावून गेले, रागावून गेले. सगळ्यांनी त्यांना सांगितलं. ते अजून आत गेले. खुर्चीतल्या त्यांच्या मानेकडे पाहिलं की मला माझी भिंत आठवायची.

पहिल्या बाजाराच्या दिवशी मी म्हटलं, "बाबा, चला माह्यासंगं. मले भाजीतलं काई समजत नाई." ते म्हणाले, "शेजारच्या बाईले सांगून दे." दुसऱ्या बाजाराला मी एकटी गेले आणि शोधून शोधून किडकी वांगी आणली, जून भेंडी आणली, ती त्यांच्या पायाशी ओतून निवडत बसले. त्यांनी पाहिलं. म्हणाले, "हे कोनं देल्लं तुले?" मी म्हटलं, "मले काय मालूम बाबा, सारखेच दिसतात सगळे." त्यांनी तोंड फिरवलं, पण एक वांगं उचलून हातात फिरवत राहिले. काल तिसरा बाजार. मी पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेले. मागून चपलांचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही.

बाजाराच्या टोकाला एक बाई फडकं पसरून रानातला पाला घेऊन बसली होती. तरोटा. पावसाळ्यात चांद्याच्या प्रत्येक घरी शिजतो तो. मी तो खाऊनच लहानाची मोठी झाले. मी खाली बसले, एक मूठ उचलली, उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "बाबा, ही कोणती भाजी आहे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिले. चाळीस वर्षं आईंसोबत राहिलेला माणूस... त्यांना काय कळायचं बाकी होतं? मी मान वर केली नाही. मग ते गुडघ्यावर हात टेकून माझ्या शेजारी बसले, माझ्या हातातल्या पाल्याचा कोवळा शेंडा खुडून माझ्या तळहातावर ठेवला, आणि त्या बाईला म्हणाले, "दोन वाटे दे वं बाई. माह्या सुनेले काईच समजत नाई. आता मलेच यावं लागन दर बाजाराले."